पाण्यात पाणी सोडताना

काशीच्या बालाजी घाटावर संध्याकाळी द्रोणातला दिवा गंगेत सोडला की तो कुठे जातो, हे पायरीवर बसून बघण्यासारखे असते. सोडणाऱ्याला वाटते, तो पात्राच्या मध्यावर जावा. म्हणून हाताने पाणी ढकलून त्याच्यामागे दोन-चार लाटाही लावल्या जातात. दिवा हातभर आत सरकतो, क्षणभर थबकतो आणि मग पायऱ्यांना समांतर, डावीकडे, पंचगंगा घाटाच्या दिशेने वाहू लागतो. वाटेत एखाद्या बुरुजाच्या आडोशाला सापडला तर तिथेच गिरक्या घेत राहतो. पैलतीरावरची वाळू समोर दिसत असते, पण दिवा तिकडे जात नाही.

नाल्याच्या तोंडातून नदीत पडलेले सांडपाणीही असेच वागते. फरक इतकाच की दिवा दिसतो आणि सांडपाणी थोड्याच अंतरावर नदीच्या रंगात मिसळून डोळ्यांना दिसेनासे होते. दिसेनासे झाले म्हणजे ते पात्रभर पसरले, विरले, संपले, असा समज त्यातून होतो. हा समज किती खरा आणि किती खोटा, याचा शोध घेणारी एक शास्त्रशाखा आहे. एका पाण्यात दुसरे पाणी सोडले की ते वर येते की तळाला बसते, किती अंतरात किती पातळ होते, आणि पातळ होण्याआधी कोणाच्या अंगावरून जाते, हे तिचे प्रश्न आहेत. पुढच्या प्रकरणांचा विषय त्यातलाही एक विशिष्ट भाग आहे: समुद्रापेक्षा जड असलेले सांडपाणी झोताच्या रूपाने समुद्रात सोडले की काय होते. समुद्राकडे वळण्याआधी नदीच्या काठी थोडे थांबायला हवे, कारण आपल्याकडे या प्रश्नाशी माणसाची गाठ सर्वांत जवळून पडते ती काठावरच.

बालाजी घाटाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. अठराव्या शतकात पेशव्यांच्या आश्रयाने तो उभा राहिला, पुढे ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेला. दक्षिणेला शिंदे घाट आणि नागपूरकर भोसल्यांचा घाट, उत्तरेला पंचगंगा आणि त्यापलीकडे मराठी वस्तीचे दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट, असा हा काशीतला मराठी शेजार आहे. इथल्या बालाजीच्या देवळात उस्ताद बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षे सनईचा रियाज करीत. घाटावरची दगडी वास्तू पुढे इतकी खिळखिळी झाली की वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातल्या वारशाच्या २०१२ च्या यादीत तिचा समावेश केला. दगडाची पडझड डोळ्यांना दिसते, म्हणून तिची नोंद होते आणि डागडुजीही होते. त्याच पायऱ्यांना लागून वाहणाऱ्या पाण्यात काय आहे, ते कळायला मात्र नमुना घेऊन प्रयोगशाळेत जावे लागते.

काशीत गंगा उत्तरवाहिनी आहे. शहर पश्चिम काठावर, वळणाच्या बाहेरच्या बाजूला वसले आहे. पैलतीरी वाळूचा पट्टा आहे. अस्सीपासून राजघाटापर्यंतची घाटांची रांग साधारण सहा-सात किलोमीटरची. बालाजी घाटाशी पोचणारे पाणी त्याआधी अस्सी, हरिश्चंद्र, दशाश्वमेध आणि मणिकर्णिका या घाटांवरून आलेले असते. म्हणून इथल्या पायरीवर कंबरभर पाण्यात उभा राहणारा माणूस फक्त बालाजी घाटावर स्नान करीत नसतो. वरच्या प्रत्येक घाटावर काठालगत जे पाण्यात पडले, त्याच्याही वाटेत तो उभा असतो.

नदी हे सगळे आडवे का पसरवीत नाही? नदीत पाणी तीन दिशांनी मिसळते: खोलीत, रुंदीत आणि लांबीत. खोली काही मीटरांची, त्यामुळे वरचे पाणी खाली आणि खालचे वर व्हायला फारसा वेळ लागत नाही. रुंदी शेकडो मीटरांची, आणि आडवे ढवळणारे भोवरे दुबळे. समजा, पात्र चारशे मीटर रुंद आणि सरासरी सहा मीटर खोल आहे आणि पाणी सेकंदाला तीस सेंटिमीटर वेगाने वाहते आहे. काठावर पडलेले सांडपाणी अशा सरळ पात्रात पैलतीरापर्यंत सारखे पसरायला लागणारे अंतर पाठ्यपुस्तकातल्या सूत्राने काढले, तर ते शंभर किलोमीटरच्याही पुढे जाते. वळणांमुळे आडवे मिसळणे वाढते आणि हे अंतर बरेच कमी होते. तरीही सहा-सात किलोमीटर त्याला कुठेच पुरत नाहीत. अस्सीपाशी काठाला पडलेली धार राजघाटापर्यंत काठालाच चिकटून राहणार. गंगेचे पाणी अफाट आहे, त्यात शहराचा एक नाला किस झाड की पत्ती, हा हिशेब संपूर्ण पात्राच्या सरासरीपुरता बरोबर आहे. पण स्नान कोणी सरासरीत करीत नाही.

१४ जून १९८६ रोजी काशीच्या राजेंद्रप्रसाद घाटावर राजीव गांधींच्या हस्ते गंगा कृती योजनेचा प्रारंभ झाला. घाटांवर पडणारे सांडपाणी अडवायचे, पंपांनी वर उचलायचे आणि शुद्धीकरण केंद्राकडे न्यायचे, हा तिचा काशीतला गाभा होता. त्यासाठी हरिश्चंद्र, मानसरोवर, राजेंद्रप्रसाद, जलासेन आणि त्रिलोचन या घाटांवर पंपिंग स्टेशने उभी राहिली. बालाजी घाट यांतल्या शेवटच्या दोहोंच्या मध्ये येतो. दीनापूरला रोज ८० दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्र झाले. पुढे तिथेच १४० दशलक्ष लिटरचे दुसरे, गोइठ्याला १२० दशलक्ष लिटरचे आणि रमण्याला ५० दशलक्ष लिटरचे केंद्र उभे राहिले.

या योजनेतली फट फार लवकर ज्यांच्या ध्यानात आली, ते वीरभद्र मिश्र हे संकटमोचन मंदिराचे महंत होते आणि काशी हिंदू विद्यापीठात द्रवयांत्रिकी शिकवणारे अभियंतेही होते. रोज पहाटे तुळशी घाटावर गंगेत बुडी मारायची आणि मग वर्गात जाऊन पाण्याच्या प्रवाहाची समीकरणे सोडवायची, असे त्यांचे जगणे होते. १९८२ मध्ये त्यांनी संकटमोचन फाउंडेशन स्थापन केले, तुळशी घाटावर प्रयोगशाळा उभारली आणि घाटाघाटांवरचे नमुने नियमित तपासायला सुरुवात केली. पंप विजेवर चालतात. वीज गेली की मैला नदीत. पुराचे पाणी चढले की पंपांचे काम थांबते. तेव्हाही मैला नदीत. हा त्यांचा आक्षेप होता. त्याऐवजी घाटांच्या कडेने सांडपाणी आपल्या उताराने वाहून नेणारी वाहिनी टाकावी आणि शहराबाहेर तळ्यांच्या मालिकेत ते शुद्ध करावे, असा पर्याय त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विल्यम ऑस्वाल्ड यांच्या साहाय्याने मांडला. २०१३ मध्ये मिश्रांचे निधन झाले. पंप बंद पडला की मैला नेमका कुठे जातो, याचे त्यांना हवे असलेले उत्तर पात्राच्या मधोमध घेतलेल्या नमुन्यात मिळाले नसते. ते काठावर, स्नानाच्या पायरीशी घेतलेल्या नमुन्यातच मिळत होते. आपल्याकडे स्नानयोग्य पाण्याच्या निकषात शंभर मिलिलिटरमागे विष्ठाजन्य जिवाणूंची इष्ट मर्यादा ५०० आणि कमाल मर्यादा २,५०० ठेवली आहे. हा आकडा कुठल्या जागेवरच्या पाण्याचा, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

नदी सोडून समुद्राकडे वळले की चित्रात एक नवे पात्र प्रवेश करते. ते म्हणजे घनता.

गंगेचे पाणी आणि नाल्याचे पाणी वजनाने जवळजवळ सारखे असते. दोन्ही गोडी. तापमानात दहा अंशांचा फरक पडला, एक पंधरा अंशांचे आणि दुसरे पंचविसाचे असले, तरी घनतेतला फरक हजारात दोन भागांच्या आसपास राहतो. म्हणून नदीत सांडपाण्याचे भवितव्य मुख्यतः प्रवाह आणि काठ ठरवतात. समुद्राचे तसे नाही. एक घनमीटर गोड्या पाण्याचे वजन सुमारे १,००० किलो, समुद्राच्या पाण्याचे सुमारे १,०२५ किलो. हजारात पंचवीसचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पाण्यात मात्र झोताची दिशा वर की खाली, हे तोच ठरवतो.

आधी झोत म्हणजे काय ते पाहू. भरलेल्या टाकीत पाइप बुडवून नळ जोरात सोडला, तर पाइपातून निघालेले पाणी एकटे पुढे जात नाही. झोताच्या कडेला छोटे-मोठे भोवरे सुटतात, आणि प्रत्येक भोवरा आजूबाजूच्या स्थिर पाण्याचा एकेक घास झोतात ओढून घेतो. तोंडापासून साधारण सहा व्यासांइतक्या अंतरापर्यंत झोताचा गाभा मूळचा राहतो. त्यापुढे बाहेरचे पाणी गाभ्यापर्यंत पोचते. झोत शंकूसारखा फुगत जातो, वेग घटत जातो आणि त्यातला मूळ पदार्थ विरळ होत जातो. १९५६ मध्ये मॉर्टन, टेलर आणि टर्नर या तिघांनी या ओढून घेण्याचा एक साधा नियम मांडला: झोत जितक्या वेगाने जातो, त्याच्या ठरावीक हिश्श्याइतक्या वेगाने तो बाहेरचे पाणी आत खेचतो. सांडपाण्याच्या समुद्री नळांची गणिते आजही या कल्पनेवर उभी आहेत. नळाचे तोंड अरुंद करून वेग वाढवायचा तो यासाठीच. लोंढा तसाच सोडला तर तो लोळत जातो. वेगाने फेकला तर तो स्वतःच समुद्राला आपल्यात कालवून घेतो.

मुंबईला हलक्या झोताचा अनुभव आहे. वरळी आणि वांद्रे इथून शहराचा मैला समुद्रतळाखालच्या बोगद्यांतून सुमारे ३.४ किलोमीटर आत नेला जातो आणि डिफ्यूझरच्या, म्हणजे नळाच्या टोकाशी असलेल्या सच्छिद्र भागाच्या, अनेक तोंडांतून सोडला जातो. ते पाणी गोडे, म्हणजे समुद्रापेक्षा हलके. तोंडातून आडवे निघाले तरी लगेच वर वळते आणि उसळत पृष्ठभागाकडे जाते. जितकी खोली जास्त तितका हा प्रवास लांब, तितके मिसळणे अधिक. नळ दूरवर खोल पाण्यात नेण्यामागचे हेच कारण. वर पोचलेला पट्टा मग भरती-ओहोटीच्या हवाली होतो. ऊन आणि खारे पाणी जिवाणूंना मारतात, तेव्हा किनाऱ्याला पोचण्याआधी पट्ट्याने किती तास समुद्रावर काढले, याला महत्त्व येते. दर सहा तासांनी प्रवाह उलटतो, म्हणून ओहोटीने बाहेर नेलेले पाणी भरतीला पुन्हा त्याच तोंडावरून जाते आणि नवा झोत काही प्रमाणात जुन्याच सांडपाण्यात मिसळतो. हलक्या झोताची चिंता ही अशी पृष्ठभागाची, किनाऱ्याची आणि पोहणाऱ्याची चिंता आहे.

जड झोताचे सगळे उलटे.

मुंबई महानगरपालिकेने मनोरी इथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प आखला आहे. सुरुवातीची क्षमता रोज २०० दशलक्ष लिटर, पुढे ४०० पर्यंत वाढवण्याची सोय. चेन्नईला हे नवे नाही. तिथे मिंजूरचे केंद्र २०१० मध्ये आणि नेम्मेलीचे २०१३ मध्ये सुरू झाले, दोन्ही रोज १०० दशलक्ष लिटरची. अशा केंद्रात समुद्राचे पाणी प्रचंड दाबाने पडद्यातून ढकलतात. गोडे पाणी पलीकडे जाते, मीठ अलीकडे राहते. आता हिशेब असा: शंभर लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन किलो मीठ. त्यातून पंचेचाळीस लिटर गोडे पाणी काढले, तर उरलेल्या पंचावन्न लिटरांत तेच साडेतीन किलो मीठ राहते. म्हणजे लिटरमागे ३५ ग्रॅमच्या जागी जवळजवळ ६४ ग्रॅम. या प्रमाणाने २०० दशलक्ष लिटर गोडे पाणी मिळवताना रोज २४० दशलक्ष लिटरच्या आसपास तीव्र खारे पाणी मागे उरेल. एका घनमीटरला त्याचे वजन १,०४५ किलोच्या घरात, समुद्रापेक्षा वीस किलोंनी जड. मीठ आले समुद्रातूनच, जाणार समुद्रातच. एकूण समुद्राच्या खारेपणात त्याने फरक पडत नाही. प्रश्न पुन्हा तोच, बालाजी घाटावरचा: सरासरीचे सोडा, ज्या जागी सोडले त्या जागी काय होते?

जगभराचा पसारा मोठा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेल्या हिशेबात जगात सुमारे १६,००० निःक्षारीकरण केंद्रे चालू होती. ती रोज साडेनऊ कोटी घनमीटर गोडे पाणी काढत होती आणि चौदा कोटी घनमीटरहून अधिक तीव्र खारे पाणी मागे टाकत होती. मिळणाऱ्या पाण्यापेक्षा टाकायचे पाणी जास्त.

हे जड पाणी किनाऱ्यावरून नुसते सोडून दिले, तर ते तळाशी जाते आणि उतार मिळेल तिकडे चादरीसारखे पसरत जाते. वर हलके पाणी, खाली जड पाणी: ही मांडणी इतकी स्थिर असते की दोन थर एकमेकांत सहजी मिसळत नाहीत. म्हणून अभियंत्यांनी एक युक्ती काढली. झोत खाली वा आडवा न सोडता वर, तिरका फेकायचा. बागेतल्या कारंज्यासारखा तो चढतो, वजनाने दमतो, कमान करून वळतो आणि खाली येतो. चढतानाही समुद्राचे पाणी ओढून घेतो, उतरतानाही. तळाला टेकेपर्यंत तो जेवढा विरळ व्हायचा तेवढा होऊन जातो. किती कोनात फेकायचे? सरळ वर फेकले तर तो स्वतःच्याच अंगावर कोसळतो. फार आडवे फेकले तर लगेच तळाला टेकतो. १९७० च्या सुमारास झालेल्या प्रयोगांतून साठ अंशांचा कोन पुढे आला आणि तो दीर्घकाळ प्रमाण मानला गेला.

या कारंज्याची उंची आणि पल्ला एका आकड्यावरून ठरतो. विल्यम फ्रूड हे एकोणिसाव्या शतकातले इंग्लिश अभियंते. जहाजांच्या छोट्या प्रतिकृती पाण्यात ओढून खऱ्या जहाजाचा अंदाज कसा बांधायचा, हे त्यांनी दाखवले. त्यांच्या नावाचा फ्रूड आकडा इथे घनतेच्या फरकासह वापरतात. त्यामागची कल्पना सोपी आहे. समुद्रात बुडालेल्या या जड पाण्याचे जवळजवळ ९८ टक्के वजन भोवतालचा समुद्रच उचलून धरतो. उरलेल्या दोन टक्क्यांच्या जोरावर ते खाली ओढले जाते. झोताचा वेग एका पारड्यात आणि हे उरलेले वजन, तोंडाच्या व्यासासह, दुसऱ्या पारड्यात ठेवले की फ्रूड आकडा मिळतो. आकडा मोठा म्हणजे वेगाचे पारडे जड, झोत उंच जाणार. आकडा लहान म्हणजे तो तोंडाबाहेर येताच मान टाकणार.

एक उदाहरण घेऊ. तोंडाचा व्यास वीस सेंटिमीटर, वेग सेकंदाला चार मीटर आणि खारे पाणी वरच्या हिशेबातले. फ्रूड आकडा येतो वीसच्या आसपास. १९९७ मध्ये रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ अंशांच्या झोतांवर मोजमापे घेऊन जी सूत्रे दिली, ती इथे लावली तर झोताचा वरचा काठ तोंडापासून सुमारे नऊ मीटर उंच चढतो आणि साधारण दहा मीटर अंतरावर तळाला टेकतो. तेव्हा तो तेहतीस पट विरळ झालेला असतो. सुटताना लिटरमागे एकोणतीस ग्रॅम जादा मीठ होते. टेकताना ते एका ग्रॅमच्या आत आलेले असते. दहा मीटरांत एवढे काम होते, यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये ठरवलेल्या नियमाप्रमाणे नळापासून शंभर मीटरवर जादा खारेपणा लिटरमागे साधारण दोन ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. चांगला आखलेला नळ ही अट दहाव्या मीटरलाच पुरी करू शकतो.

मग अडचण कुठे आहे? ती त्या नऊ मीटरांत आहे. एवढे चढायला डोक्यावर तेवढे पाणी हवे. मुंबईच्या उत्तरेचा समुद्र उथळ आहे. किनाऱ्यापासून बरेच आत गेल्यावरच ही खोली मिळते. शिवाय उधाणाच्या दिवसांत इथे भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार-पाच मीटरांचा फरक पडतो. पूर्ण भरतीला ज्या झोताला मोकळे आकाश मिळते, त्याचाच माथा सुकतीला पृष्ठभागावर आपटतो; तिथे कमान मोडते आणि विरळ होण्याचे काम अर्ध्यावर राहते. उथळ जागी म्हणून कोन तीस ते पंचेचाळीस अंशांवर आणतात, तोंडे लहान करून त्यांची संख्या वाढवतात. तोंडे वाढवली की शेजारशेजारचे झोत एकमेकांना भिडतात आणि मधल्या जागेत ताजे पाणी पोचेनासे होते. तोंड अरुंद केले की पंपाला जास्त दाब लागतो, म्हणजे वीज. बार्सिलोनाजवळ हे जड पाणी शहराच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यात मिसळून सोडतात. जड आणि हलके एकमेकांची बरोबरी करतात. यांतला प्रत्येक उपाय खरा आहे, आणि प्रत्येकाची किंमत कुठे ना कुठे मोजावी लागते.

झोत तळाला टेकला की गोष्ट संपत नाही. टेकल्यावर तो पसरतो, पातळ थर होऊन उताराने खाली सरकतो. भरती-ओहोटीचा प्रवाह जोरात असेल तर तो थर ढवळून निघतो. भांगेच्या दिवसांत, जेव्हा पाणी जेमतेम हलते, तेव्हा तो खोलगट जागी साचू शकतो. साचलेल्या थराचे झाकण पडले की वरच्या पाण्यातला प्राणवायू तळापर्यंत उतरत नाही. ऑस्ट्रेलियातील पर्थजवळच्या क्विनाना केंद्राबाबत, जे २००६ मध्ये सुरू झाले, कॉकबर्न साउंडच्या खोल भागातल्या प्राणवायूवर म्हणूनच बारीक लक्ष ठेवले गेले. स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर पॉसिडोनिया नावाचे समुद्री गवत खारेपणातल्या किरकोळ वाढीनेही खुरटते, म्हणून तिथे मर्यादा त्या गवताच्या सोसण्यावरून बांधल्या गेल्या. मासा पोहून दूर जाऊ शकतो. शिंपला, चिखलातला किडा, नुकतीच फुटलेली अंडी यांना जागा सोडता येत नाही. हलक्या झोताची चिंता किनाऱ्याची होती. जड झोताची चिंता तळाची आहे, आणि तळ कोणाला दिसत नाही.

कोळ्याला मात्र तळ ठाऊक असतो. वसई, अर्नाळा, गोराई, मनोरी ते वर्सोवा या पट्ट्यात डोल जाळे लावतात. हे पिशवीसारखे जाळे एका जागी बांधून, तोंड प्रवाहाकडे करून ठेवायचे आणि पाण्याने आणून दिलेले घ्यायचे. बोंबील, जवळा, करंदी यांतून मिळते. ओढायचे जाळे घेऊन माणूस दुसऱ्या जागी जाऊ शकतो. डोल लावणाऱ्याची जागा वहिवाटीने ठरलेली असते. तळालगतच्या पाण्यात फरक पडला तर तो आधी त्याच्या पिशवीत दिसेल. बालाजी घाटावर स्नान करणारा आणि मनोरीच्या समुद्रात डोल लावणारा यांच्यात हे साम्य आहे. दोघांनीही आपली जागा निवडलेली नाही, ती परंपरेने त्यांना आलेली आहे. झोताची जागा मात्र कोणीतरी नकाशावर निवडतो. म्हणून ती निवडणाऱ्याने ज्यांना हलता येत नाही त्यांच्यापासून गणिताला सुरुवात करावी, हा पुढील सर्व प्रकरणांमागचा आग्रह आहे.

या गणितासाठी लागणारी विद्या आपल्याकडे आहे. १९१६ मध्ये स्थापन झालेले, पुण्याजवळ खडकवासल्याला असलेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र बंदरे, खाड्या आणि समुद्री नळ यांच्या प्रतिकृती बांधून पाहत आले आहे. गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, नागपुरात राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘नीरी’, आहे. कमतरता आहे ती या विद्येची भाषा सामान्य वाचकापर्यंत पोचण्याची. एखाद्या प्रकल्पाच्या जनसुनावणीत किनाऱ्यावरचा माणूस उभा राहतो तेव्हा त्याच्या हातात शेकडो पानांचा इंग्रजी अहवाल असतो, आणि त्यातले ‘पुरेसे विरलीकरण होईल’ हे वाक्य त्याला मान्य करावे लागते किंवा अमान्य. त्याने विचारायला हवेत असे प्रश्न फार अवघड नाहीत. तोंडावर सुकतीला किती पाणी असते? झोत किती उंच चढेल? हिशेब उधाणाचा केला की भांगेचा? तोंडे किती, आणि त्यांतली काही गाळाने बुजली तर काय? पंप बंद पडला तर पाणी कुठल्या वाटेने जाईल? शेवटचा प्रश्न काशीने चाळीस वर्षांपूर्वी विचारून ठेवलेला आहे.

पुढील प्रकरणे याच क्रमाने जातात: आधी झोताचे शरीर, मग घनतेचा खेळ, मग समुद्रतळावरचा थर, आणि शेवटी मोजमापे कशी आणि कुठे घ्यायची ते. सूत्रे आली आहेत, पण प्रत्येक सूत्राआधी ते कुठल्या निरीक्षणातून निघाले ते सांगितले आहे.

पान उलटण्याआधी वाचकाने एक प्रयोग स्वयंपाकघरात करून पाहावा. काचेच्या मोठ्या भांड्यात साधे पाणी भरून ते स्थिर होऊ द्यावे. वाटीभर पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवून त्यात कुंकवाचा किंवा खाण्याचा रंग घालावा आणि ते सुई काढलेल्या पिचकारीत भरावे. आधी भांड्याच्या कडेने हळूच सोडावे. रंगीत धार काचेला धरून सरळ खाली उतरते आणि तळाशी बोटभर जाडीचा थर होऊन बसते. वरचे पाणी स्वच्छच राहते. मग भांडे धुऊन, पुन्हा भरून, पिचकारीचे टोक तळाशी तिरके वर धरून दट्ट्या जोरात दाबावा. रंगाची कमान उठते, कडांनी फाटत जाते, फिकी होऊन खाली येते. दोन्ही वेळी मीठ तेवढेच, पाणी तेवढेच. पहिल्या भांड्यातला तो तळचा थर न हलवता ठेवला, तर दुसऱ्या दिवशी सकाळीही त्याची कड काचेतून दिसत असते.